रविवारचे चौकोन

"पण चाचा, आईला कळलं कसं?"

हर्षद हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होता. नबीचाचा माझ्या प्रिंटरच्या पोटात अडकलेली कागदाची चिंधी चिमट्याने ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मिरजेत दर्ग्यामागच्या गल्लीत नबीसाहेब मुजावरांचा ओटा आहे. दुकान म्हणावं तर पाटी नाही, आणि घर म्हणावं तर दारात सदा परक्यांच्या चपला. आधी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. शिकायला येणारे मात्र पहिल्यापासून येत आले. चाचा कुणाला हात धरून शिकवत नाहीत. एक प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत आपलं काम करत राहतात. पुष्कळ जण याच गोष्टीला वैतागून पळाले.

हर्षद तोडकर पळाला नव्हता. कॉलेजात असताना दोन वर्षं तो या ओट्यावर बसला आणि सगळ्यांत हुशार निघाला. ते त्याला माहीतही होतं, हीच काय ती त्याची अडचण. आता तो पुण्यात असतो. कॉम्प्युटरमध्ये शिरणारे चोर ओळखून पकडणारा एक प्रोग्रॅम असतो, तसला प्रोग्रॅम करणाऱ्या एका बड्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. शनिवारची दुपार, इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक. आल्या आल्या त्याने ओट्यावरून जी नजर फिरवली ती मला काही आवडली नाही. मोठा झालेला माणूस बालवाडीच्या बाकाकडे बघतो, तसा तो बघत होता.

"काय कळलं?" चाचांनी अखेर विचारलं.

"की ते खोटं आहे."

"खोटं होतं का?"

"...होतं."

"मग कळलं त्यात नवल काय?"

मी प्रिंटरचं झाकण मांडीवर घेऊन बसलो होतो. मी ऐकत नव्हतो असं म्हणालो तर तेही खोटंच ठरेल.

"पहिल्यापासून सांग," चाचा म्हणाले.

"पहिल्यापासून तुम्हाला माहीत आहे की."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे का बघू."

हर्षदने सुस्कारा सोडला आणि सांगायला लागला.

त्याचे वडील, तोडकर मास्तर, हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. रोज माऊसने एक चित्र काढायचं, कुणाला तरी पत्र टाइप करायचं, बायकोच्या पाककृती लिहून ठेवायच्या, असा त्यांचा उद्योग. आणि दर रविवारी संध्याकाळी सहाला डिस्क लावायची.

डिस्क लावायची म्हणजे काय ते मलाही तेव्हाच कळलं. फाइली डिस्कवर सलग बसत नाहीत. जागा मिळेल तिथे त्यांचे तुकडे पडतात. ते तुकडे शोधून शेजारी शेजारी ठेवणारा एक जुना प्रोग्रॅम मास्तरांकडे होता. काम करताना तो पडद्यावर चौकोनांचा पट दाखवायचा. विखुरलेले चौकोन लाल, जागेवर लागलेले निळे. एकेक लाल उचलला जायचा आणि दुसरीकडे निळा होऊन बसायचा. तास-दीड तास हे चालायचं. लोक मालिका बघतात, तोडकर नवरा-बायको चहा आणि चिवडा घेऊन चौकोन बघायचे.

"मी हसायचो त्यांना," हर्षद म्हणाला. "अण्णा, हे आपोआप होतं, समोर बसायची गरज नाही, असं सांगायचो."

"काय म्हणायचे?"

"म्हणायचे, पोळीसुद्धा तव्यावर आपोआपच भाजते. तुझी आई उठून जाते का?"

चाचा स्वतःशीच हसले. कागदाची चिंधी बाहेर आली होती. तिच्यावर माझ्या भावकीच्या अर्जाचं अर्धं वाक्य होतं. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि प्रिंटर बाजूला ठेवला.

"पुढे."

"अण्णा गेले. तेराव्यानंतर मी दोन दिवस राहिलो. म्हटलं, आईला कॉम्प्युटर नीट करून द्यावा. जुनी डिस्क मरायला टेकली होती. ती काढली, नवी घातली. सगळ्या फाइली उतरवल्या. आमच्या कंपनीचा सुरक्षेचा प्रोग्रॅम घातला. अण्णांचा चौकोनांचा प्रोग्रॅमसुद्धा आठवणीने ठेवला."

"आणि?"

"रविवारी आईने तो लावला. आमच्या प्रोग्रॅमने त्याला चोर समजून पकडलं आणि कोंडून ठेवलं."

"का?"

"कुणाला न विचारता तो अख्ख्या डिस्कवर हात फिरवतो. इकडचं सामान तिकडे करतो. असं वागणारा चोरच असतो बहुतेक वेळा."

"सोडवला नाहीस?"

"पुण्यातून सोडवला. त्याला सूट दिली. मधल्या दिवसांत आमचं अपडेट आलं, सूट पुसली गेली, रविवारी पुन्हा कोंडला. चार रविवार हेच चाललं. सहाला आईचा फोन यायचा. म्हणायची, आज पण पकडलंय रे त्याला."

"त्याला," चाचा म्हणाले.

"...हो. त्याला."

चाचांनी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला. "हा नियम लिहिला कुणी? असं वागणारा चोर, हा?"

हर्षद सॅकच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

"मी."

"चांगला लिहिलायस."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच हर्षदचे कान लाल झाले.

"मग मी नियमातच दुरुस्ती केली," तो घाईने म्हणाला. "पाचव्या रविवारी चालला."

"मग झालं की."

"दोन सेकंदांत संपला, चाचा."

आता चाचांनी मान वर केली.

"नव्या डिस्कमध्ये फिरती तबकडीच नसते. तुकडे कुठेही असले तरी तिचं काही अडत नाही. आणि मी तर सगळं ताजं उतरवलेलं. अख्खा पट निळा. लावण्यासारखं काही नव्हतंच. आईने अजून चहा गाळला नव्हता. म्हणाली, झालं? एवढंच?"

पुढचं सांगताना त्याचा आवाज जरा खाली आला. त्याने पुण्यात बसून तीन रात्री खपून एक नवा प्रोग्रॅम लिहिला. त्यात डिस्कचा काही संबंध नव्हता. नुसते चौकोन. लाल उचलले जायचे, निळे होऊन बसायचे, अगदी तसेच, तास-दीड तास. आईला त्याने सांगितलं, झाला दुरुस्त.

"पहिल्या रविवारी ती बसली. दुसऱ्या रविवारी म्हणाली, हर्षद, हे मागच्यासारखंच चाललंय. मग मी बदल केला. दर वेळी वेगळं दिसेल असं केलं. तिसऱ्या रविवारी ती दहा मिनिटं बसली आणि उठली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, छान केलंयस, पण यात आपलं काही नाही."

चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"त्या दिवसापासून पडद्यावर कापड टाकून ठेवलंय. अण्णांचं उपरणं. सहा वाजले की मधल्या खोलीत बसून राहते. फोन केला की म्हणते, मी बरी आहे, तू कामात असशील." हर्षद थांबला. "मला तिचा तो एक तास परत द्यायचाय, चाचा. बाकी मला काही नको. कोड लिहून होत असेल तर लिहितो, महिना लागला तरी चालेल. फक्त तिला कसं कळलं ते सांगा. म्हणजे ती चूक मी सुधारीन."

हे बोलताना तो पुण्याचा कुणी बडा माणूस राहिला नाही. मला त्याच्याबद्दल उगाच राग आला होता, तो कुठे गेला ते समजलं नाही. माझाही मुलगा दूर असतो आणि माझ्या घरातही सहा वाजतात.

चाचांनी हात पुढे केला. "जुनी डिस्क."

"तुम्हाला कसं माहीत मी आणली ते?"

"सॅक मांडीवरून खाली ठेवली नाहीस आल्यापासून."

हर्षदने सॅक उघडली. टॉवेलात गुंडाळलेली, त्याच्या आत चंदेरी पिशवीत घातलेली डिस्क निघाली. चार-पाच काड्यापेट्या शेजारी ठेवाव्यात एवढी. चाचांनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी हलवली.

"फेकली नाहीस."

"नाही."

"सगळं उतरवलं होतंस ना? मग हिच्यात काय राहिलं?"

हर्षदने टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. हुशार माणसाला उत्तर सुचत नाही तेव्हा तो फार एकटा दिसतो.

चाचांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरची एक वायर ओढून डिस्कला जोडायला घेतली. हर्षद अर्धवट उठला.

"नका चालवू, चाचा. शेवटच्या घटका मोजतेय ती. तपासणी लावली की सत्तावन्न टक्क्यांवर येऊन अडकते, दर वेळी तिथेच. जितकी फिरेल तितकी लवकर जाईल."

"मग करायचं काय हिचं?"

"जपायची."

"कशासाठी?"

हर्षद पुन्हा खाली बसला.

"हात ठेव हिच्यावर," चाचा म्हणाले आणि बटण दाबलं.

हर्षदने तळहात ठेवला. आत काहीतरी फिरायला लागल्याचा बारीक आवाज आला, मग थोडी खरखर, मग पुन्हा एकसुरी घरघर. तो हात काढेना. डिस्क हळूहळू कोमट होत असावी, कारण त्याने बोटं जरा पसरली. मी गल्लीत बघायला लागलो. एक जण सायकलला सतारीचे दोन भोपळे बांधून चालला होता, खड्डे चुकवत. काही वेळा माणसाकडे न बघणं बरं असतं.

"एका रविवारी मी होतो त्यांच्याकडे," चाचा म्हणाले. "कॉम्प्युटरचा पंखा बदलायला गेलो होतो. वहिनींनी चहा दिला, म्हणाल्या, बसा आता, लागतच आहे."

"काय बघितलंत?"

"मास्तर एका लाल चौकोनावर बोट ठेवायचे. म्हणायचे, हा बघ, मंगळवारची जास्वंद. हा तुझ्या भावाला लिहिलेलं पत्र. हा लिंबाच्या लोणच्याचा. वहिनी म्हणायच्या, छे, लोणच्याचा तो, खालचा, बघा की कसा एकटा पडलाय. मग दोघं भांडायचे. भांडेपर्यंत तो निळा व्हायचा."

हर्षदने कपाळाला आठी घातली. सवय इतक्या लवकर जात नाही.

"पण ते शक्य नाही, चाचा. कुठल्या चौकोनात कुठली फाईल आहे, ते त्या पटावरून कळतच नाही."

"मला माहीत आहे."

"मग अण्णांना कुणीतरी..."

"त्यांनाही माहीत होतं. मीच सांगितलं होतं."

"आणि आईला?"

"वहिनींना सगळ्यांत आधी."

हर्षद त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"डाव्या कोपऱ्यात एक काळा चौकोन होता," चाचा पुढे म्हणाले. "तो कधी हलायचा नाही."

"सिस्टीमची फाईल. ती सतत वापरात असते, म्हणून जागेवरून हलवता येत नाही."

"वहिनी त्याला हर्षद म्हणायच्या."

"का?"

"मीही विचारलं, का. म्हणाल्या, तो कामात असतो, त्याला हाक मारायची नसते."

डिस्क घरघरत होती. हर्षदने दुसरा हातही तिच्यावर ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवण्याचा त्याने काही प्रयत्न केला नाही. मला वाटतं, तेराव्याला तो रडला नसावा. तेव्हा त्याला फाइली उतरवायच्या होत्या.

चाचांनी तोवर चौकोनांचा जुना प्रोग्रॅम उघडला होता. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्याला पकडणारं कुणी नव्हतं. त्यांनी पट मांडायला सांगितला, काम सुरू करायचं बटण मात्र दाबलं नाही. पडदा भरत गेला. निळ्यामध्ये जागोजाग लाल चौकोन उमटले. इकडे पाच, तिकडे आठ, खाली एक मोठा पुंजका.

हर्षद पुढे वाकला.

"हे एवढं लाल कसं?"

"तू सांग. तू हुशार आहेस."

तो मोजत असल्यासारखा ओठ हलवत बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "शेवटच्या रविवारी अण्णा दवाखान्यात होते. त्या आठवड्याचं लावलंच गेलं नाही. त्यांनी जसं टाकलं होतं तसंच पडून आहे."

"आणि तू उतरवलंस तेव्हा?"

"उतरवताना सगळं सरळ होऊन आलं." तो खुर्चीत मागे टेकला. "फाईल एकही हरवली नाही. हे मात्र राहिलं."

चाचांनी बोट उचललं आणि एका लाल चौकोनावर ठेवलं.

"हा कशाचा?"

"ते सांगता येत नाही, चाचा."

चाचांनी बोट हलवलं नाही.

"कुठली फाईल ते बघायचं तर वेगळं साधन लावावं लागेल. पटावरून नुसतं..."

चाचांनी पडद्याचं बटण बंद केलं. काच काळी झाली. तिच्यात हर्षदचा चेहरा आणि मागे माझा, असे दोन चेहरे दिसत होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी पडदा पुन्हा लावला, आणि त्याच चौकोनावर बोट ठेवलं.

"हा कशाचा?"

हर्षद पडद्याजवळ सरकला.

"...जास्वंदीचा असेल."

"कुठल्या वारची?"

"बुधवारची. बुधवारी त्यांना बरं वाटत होतं. फोनवर म्हणाले होते, आज लाल रंग मनासारखा जमला. मी मीटिंगमध्ये होतो. नंतर करतो म्हणालो." त्याने दुसऱ्या चौकोनावर स्वतःच बोट ठेवलं. "आणि हा... हे माझ्यासाठीचं असेल. मला पत्र टाइप करून ठेवायचे, पाठवायचे नाहीत. आई सांगायची."

"मग हा पुंजका?"

"हा आईचा. दिवाळीच्या फराळाची यादी. दर वर्षी नवी लिहायचे आणि दर वर्षी तीच असायची."

तो हसला आणि रडला, दोन्ही एकदमच. मग तो एकेका चौकोनावर बोट ठेवत गेला. कुणी विचारत नव्हतं तरी सांगत होता. सत्तावन्न टक्क्यांच्या त्या अडकणाऱ्या जागेपाशी आला तेव्हा तिथेही क्षणभर थांबला. इथे अण्णांनी काय ठेवलं असेल हो, असं त्याने मलाच विचारलं. मला काय माहीत असणार? तरी मी म्हणालो, काहीतरी स्वतःपुरतं असेल. त्याने मान हलवली. खरं सांगतो, मला तेव्हा माझ्याच मुलाला फोन करावासा वाटला.

चाचांनी डिस्क बंद केली. आवाज उतरत उतरत थांबला. त्यांनी ती चंदेरी पिशवीत घातली, टॉवेलात गुंडाळली आणि हर्षदच्या पुढ्यात ठेवली.

"तुम्ही डिस्क लावली नाहीत," हर्षद म्हणाला. "लाल तसेच राहिले."

"ते माझे नाहीत."

"उद्या घरी लावू?"

"उद्या रविवार आहे."

"उद्या सहाला..." हर्षद अडखळला. "माझी दुपारची गाडी आहे."

चाचांनी माझा प्रिंटर पुढे ओढला आणि झाकण मागायला हात पसरला. मी झाकण दिलं.

"रद्द करतो," हर्षद म्हणाला. "सोमवारी सकाळी जाईन. उद्या जुनी डिस्क बसवतो, ते उपरणं काढतो, आईच्या शेजारी बसतो. चहा मी करतो." तो उठला, सॅक पाठीला लावली, आणि टॉवेलाचं ते गाठोडं मात्र हातातच ठेवलं. चपलेत पाय घालता घालता तो वळला. तोंडावर पुन्हा तीच काळजी होती. "पण चाचा, एकदा हे लागलं की सगळं निळं होणार. पुढच्या रविवारी लावायला काय उरेल?"

"मास्तर आठवडाभर पसारा करायचे."

"आता कोण करणार?"

चाचा झाकण बसवत होते. खटका लागेना, म्हणून त्यांनी ते काढून पुन्हा नीट धरलं.

"आणि ही डिस्क?" हर्षदने विचारलं. "तेवढं तरी सांगा. अंदाजाने सांगा. ही किती दिवस टिकेल?"

झाकणाचा खटका लागला. चाचांनी प्रिंटर माझ्याकडे सरकवला आणि त्याच्याकडे बघितलं.

"तू किती दिवस राहणार आहेस?"